वेशीवरील पहारेकरी

लग्नाची पंगत उठून अर्धा तासही झालेला नसतो, तोच घरातील कोणी एक जण दंड खाजवू लागतो. पाहता पाहता मानेवर, पाठीवर, पोटावर लालसर, फुगीर चट्टे उमटतात. वडीलधारी मंडळी एक नजर टाकतात आणि निदान सांगून मोकळी होतात, "अंगावर पित्त उठले आहे." मग स्वयंपाकघरातून आमसुले येतात. ती पाण्यात कोळून ते पाणी अंगाला लावले जाते. बहुतेक वेळा दोन-चार तासांत चट्टे विरून जातात आणि त्याचे श्रेय आमसुलास मिळते.

वाचकहो, हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या पाहण्यातील असेल. आयुर्वेदातील पित्त ही एक व्यापक कल्पना आहे, तिचा विचार येथे करावयाचा नाही. परंतु यकृतात तयार होऊन आतड्यात उतरणारे जे पित्त, त्याचा या चट्ट्यांशी काहीही संबंध नसतो. चट्टे उठविणारे द्रव्य कातडीतच साठविलेले असते, आणि ते ज्या पेशींत साठविलेले असते त्यांस मास्ट पेशी असे म्हणतात. या पेशींची ओळख करून घेणे हे केवळ ज्ञानाच्या दृष्टीनेच आवश्यक आहे असे नव्हे. दहा वेळा आपोआप विरणारे हे चट्टे अकराव्या वेळी श्वास कोंडण्याची पहिली सूचना ठरू शकतात. तशा वेळी आमसुलाची वाट पाहत बसणे म्हणजे हातची वेळ दवडणे होय.

चुकीचे नाव, खरा शोध

मास्ट पेशींस नाव दिले ते पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने. १८७८ साली लायप्झिग विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात त्याने त्यांचे वर्णन केले, त्या वेळी तो अवघा चोवीस वर्षांचा होता. कापड रंगविण्यासाठी नव्याने निघालेले कृत्रिम रंग शरीराच्या ऊतींवर टाकून पाहण्याचा त्यास छंद होता. काही पेशी अशा आढळल्या की त्यांच्या पोटात दाणेदार कण खच्चून भरलेले आहेत, आणि निळा रंग दिला असता ते कण निळे न होता जांभळट दिसतात. या पेशी भरपूर अन्न खाऊन पुष्ट झाल्या असाव्यात, असा तर्क एर्लिखने केला. जर्मन भाषेत गुरांना लठ्ठ करण्यासाठी घातलेल्या खुराकास 'मास्ट' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. तर्क चुकीचा निघाला, नाव मात्र टिकले. पेशींतील कण हे खाल्लेले अन्न नव्हते. ते त्या पेशीने स्वतः तयार करून ठेवलेले शस्त्र होते.

या पेशींचा उगम अस्थिमज्जेत होतो. तेथून त्या कोवळ्या अवस्थेत निघतात आणि ऊतींत जाऊन मुरतात. रक्तातून सतत फिरत राहणाऱ्या पांढऱ्या पेशींप्रमाणे त्या फिरस्त्या नसतात. एकदा जागा धरली की महिनोन् महिने तेथेच राहतात. त्यांनी धरलेल्या जागाही ध्यानात घेण्यासारख्या आहेत. कातडीच्या खाली, नाकाच्या व श्वासनलिकांच्या अस्तरात, आतड्याच्या भिंतीत, बारीक रक्तवाहिन्यांच्या व मज्जातंतूंच्या लगत त्या दाटीने आढळतात. बाहेरचे जग ज्या ज्या ठिकाणी शरीरास भिडते, त्या त्या ठिकाणी मास्ट पेशी उभी असते. गावच्या वेशीवर जसा पहारेकरी, तशी ही शरीराच्या वेशीवरील पहारेकरीण होय.

संरक्षण करावयास गेले आणि कुत्रा मेला

हा पहारेकरी कधी कधी घरावरच उलटतो, हे प्रथम ध्यानात आले ते समुद्रसफरीतून. १९०१ साली मोनॅकोचा प्रिन्स पहिला आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ विषारी सागरी जीवांचा अभ्यास करीत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष अल्प प्रमाणात कुत्र्यांना टोचले. लस टोचून जशी रोगप्रतिकारशक्ती येते, तशी विषाविरुद्ध शक्ती येईल अशी त्यांची अपेक्षा होती. सुमारे तीन आठवड्यांनी एका धडधाकट कुत्र्यास पुन्हा तसाच अल्प डोस दिला, तेव्हा त्यास धाप लागली, ओकारी झाली आणि अर्ध्या तासाच्या आत तो मेला. पहिल्या डोसाने संरक्षण मिळण्याऐवजी जीवघेणी संवेदनशीलता आली होती. या प्रकारास त्यांनी १९०२ साली संरक्षणाच्या उलट अशा अर्थाचा 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द योजला. रिशे यास याच कार्यासाठी १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फोन पिरके यांनी १९०६ साली प्रचारात आणला.

परंतु हे घडते कसे? १९२१ साली प्राउसनिट्स व क्युस्टनर या दोन जर्मन डॉक्टरांनी स्वतःच्या देहावर एक प्रयोग केला. क्युस्टनर यांना शिजविलेल्या माशाचे वावडे होते, प्राउसनिट्स यांना नव्हते. क्युस्टनर यांच्या रक्तद्रवाचा थेंब प्राउसनिट्स यांच्या कातडीत टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तेव्हा तेथे चट्टा उठला. म्हणजे वावडे हे रक्तातील एका पदार्थाबरोबर एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे सिद्ध झाले. तो पदार्थ हाती येण्यास मात्र आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिक यांनी तो स्वतंत्रपणे शोधून काढला. १९६८ साली त्याचे इम्युनोग्लोब्युलिन-ई असे नामकरण झाले. आपण त्यास सोयीसाठी 'ई' प्रतिपिंड म्हणू.

दरम्यान दुसरा धागाही जुळत होता. हिस्टॅमिन नावाचे द्रव्य टोचले असता प्राण्यात ॲनाफिलॅक्सिससारखी लक्षणे दिसतात, हे १९१० साली इंग्लंडमध्ये डेल व लेडलॉ यांनी दाखविले होते. शरीरातील हे हिस्टॅमिन कोठे असते, याचे उत्तर १९५३ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रायली व वेस्ट यांनी दिले. ज्या ऊतीत मास्ट पेशी अधिक, तीत हिस्टॅमिनही अधिक, असे त्यांना आढळून आले. एर्लिखने पाहिलेल्या त्या दाण्यांत हिस्टॅमिनचा साठा होता.

आता सारा प्रकार जुळवून पाहू. समजा, एखाद्याच्या शरीराने कोळंबीतील एका प्रथिनास शत्रू मानले. मग त्या प्रथिनाविरुद्ध 'ई' प्रतिपिंडे तयार होतात. रक्तात ती अत्यल्प असतात, कारण मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर ती घट्ट जाऊन बसतात. या पहिल्या भेटीत बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे कोळंबी पुन्हा खाण्यात आली की तिचे प्रथिन शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकत्र जखडते. पेशीस हाच इशारा पुरतो. काही मिनिटांत कणांतील साठा बाहेर फेकला जातो. हिस्टॅमिनमुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात व झिरपू लागतात, म्हणून कातडी लाल होते व फुगते. मज्जातंतू चेतविले जातात, म्हणून खाज सुटते. श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, म्हणून छाती घरघरते. याच्या मागोमाग पेशी ल्युकोट्रायीनसारखी नवी द्रव्ये तयार करते आणि इतर पांढऱ्या पेशींस बोलावून घेते. त्यामुळे काही तासांनी त्रासाची दुसरी लाट येऊ शकते. "काल काही खाण्यास दिले होते, तेव्हा काही झाले नाही; आजच कसे झाले?" या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. आधीची भेट झाल्यावाचून हे वैर जडत नाही.

हा पहारेकरी हवाच कशाला?

वाचक म्हणतील, असा आततायी पहारेकरी निसर्गाने ठेवलाच कशाला? बराच काळ शास्त्रज्ञांनाही या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता येत नव्हते. आतड्यातील कृमींना हुसकावून लावण्यास या पेशी मदत करतात, एवढे ठाऊक होते. १९९६ साली दोन स्वतंत्र गटांनी उंदरांवर प्रयोग केले. उदरपोकळीत जिवाणूंचा संसर्ग झाला असता मास्ट पेशी नसलेले उंदीर मोठ्या संख्येने दगावले. ज्यांच्यात त्या होत्या त्यांच्यात इतर संरक्षक पेशींना तातडीने हाक गेली आणि ते तगले.

त्याहून नवल २००६ साली उघडकीस आले. मास्ट पेशींच्या कणांतील एक विकर काही सापांच्या विषातील घातक रेणूचे तुकडे करते व विषाचा जोर कमी करते, असे उंदरांत दिसून आले. २०१३ साली मधमाशीच्या विषाबाबत 'ई' प्रतिपिंडांचे संरक्षक कार्य दिसले, आणि २०१६ साली घोणसीच्या विषाबाबतही. आपल्या शेतांतून व पडीक रानांतून वावरणारी घोणस ती हीच. विषावर तात्काळ तुटून पडण्यासाठीच ही यंत्रणा घडली असावी, असे आज अनेक संशोधक मानतात.

आणखी एक गोष्ट मराठी माणसास विशेष रुचेल. आपल्या भाषेत 'वावडे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एखादी वस्तू अंगास न मानवणे हा एक आणि ती नकोशी वाटणे हा दुसरा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन संशोधनांत अंड्यातील प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या उंदरांपुढे ते प्रथिन घातलेले पाणी ठेवले, तेव्हा त्यांनी ते टाळले. ज्यांच्यात मास्ट पेशी किंवा 'ई' प्रतिपिंडे नव्हती, त्यांनी ते निःशंकपणे प्यायले. अंगास न मानवणारी वस्तू नकोशी करून सोडणे, हेही या पेशींचे एक काम असावे असे त्यावरून दिसते. तेव्हा पानातील एखादा पदार्थ पाहताच "मला हे नको" म्हणून मूल हटून बसले, तर दर वेळी तो हट्टच असतो असे समजू नये. तो पदार्थ खाल्ल्यावर त्याचे ओठ चुरचुरतात का, अंगाला खाज सुटते का, एवढे तरी विचारावे.

पहारा चुकतो तेव्हा

पहारेकरी शत्रू ओळखण्यात चुकला की रोग होतात. घरातील धुळीतला अतिसूक्ष्म कीटक, झुरळांची विष्ठा, परागकण, बुरशी यांना शत्रू मानले की सर्दी, शिंका व दमा. शेंगदाणा, दूध, अंडे, मासळी यांना मानले की अन्नाची ॲलर्जी. पेनिसिलीनसारख्या औषधास मानले की एका इंजेक्शनातही प्राणसंकट.

मात्र प्रत्येक खाजेचे खापर मास्ट पेशींवर फोडू नये. गाजर गवत उपटणाऱ्यांच्या हातांवर व चेहऱ्यावर जो चिवट इसब होतो, तो प्रामुख्याने लिंफ पेशींमुळे होतो व प्रकट होण्यास एक-दोन दिवस घेतो. उलट त्याच गवताचे पराग नाकात गेल्यावर ज्या शिंका येतात, त्या मास्ट पेशींच्या असतात.

काही औषधे तर प्रतिपिंडांवाचूनच या पेशींना डिवचतात. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी दिली जाणारी काही औषधे आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके पेशीवरील एका निराळ्याच ग्राहीवर काम करतात, हे २०१५ साली स्पष्ट झाले. सहा आठवड्यांहून अधिक काळ वरचेवर उठणारे चट्टेही बहुधा एखाद्या खाद्यपदार्थामुळे नसतात. अनेक रुग्णांत शरीराचीच काही प्रतिपिंडे मास्ट पेशींना चेतवीत असतात. अशा रुग्णांनी वांगे, टोमॅटो, दही असे एकेक करून ताट रिकामे करीत जाणे व्यर्थ होय. शिवाय मास्टोसायटोसिस नावाचा एक विरळा विकार आहे. त्यात 'किट' या जनुकातील बदलामुळे मास्ट पेशींची संख्याच वाजवीपेक्षा वाढते. अंगावर तपकिरी डाग उमटतात आणि ते चोळले असता फुगून येतात. रक्तातील ट्रिप्टेज या विकराचे प्रमाण मोजून त्याचा माग काढता येतो.

औषधे व त्यांची मर्यादा

हिस्टॅमिनविरोधी औषधांचा प्रारंभ १९३७ साली पॅरिसमध्ये दानिएल बोवे यांच्या संशोधनातून झाला. ही औषधे बाहेर पडलेल्या हिस्टॅमिनचा मार्ग अडवितात. खाज, शिंका व चट्टे यांवर ती गुणकारी आहेत. जुन्या प्रकारची औषधे घेतल्यावर झोप येते, म्हणून ती घेऊन वाहन चालवू नये. पुढे मास्ट पेशीतील साठा फुटूच नये अशीही औषधे निघाली. त्यांपैकी क्रोमोग्लायकेट याचा शोध रॉजर अल्टून्यान या डॉक्टरांनी लावला. ते स्वतः दमेकरी होते. मुद्दाम आपल्या अंगी दमा उठवून घेऊन त्यांनी एकामागून एक द्रव्ये स्वतःवर पारखली. 'ई' प्रतिपिंडांनाच बांधून टाकणारे ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन २००३ पासून वापरात आले. दमा व चिवट चट्टे यांच्या निवडक रुग्णांना त्याने मोठा दिलासा मिळाला आहे, तथापि ते महाग आहे. कशाचे वावडे आहे हे ठरविण्यासाठी कातडीवर अर्काचा थेंब ठेवून बारीक टोचणी देतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी चट्टा मोजतात. ही मास्ट पेशींचीच साक्ष होय. परंतु ती रुग्णाच्या अनुभवाशी जुळली तरच ग्राह्य धरावयाची.

ज्या क्षणी घाई करावयाची

आता या लेखाचा मुख्य भाग. पुढील ओळी घरातील सर्वांना वाचून दाखवाव्यात, ही विनंती.

एखादा पदार्थ खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा मधमाशी अथवा गांधीलमाशी चावल्यावर काही मिनिटांपासून दोनएक तासांच्या आत अंगावर चट्टे उठले आणि त्याबरोबर आवाज घोगरा झाला, घसा आवळल्यासारखा वाटला, जीभ सुजली, छाती घरघरू लागली, वारंवार ओकाऱ्या झाल्या किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो साधा पित्ताचा उठाव नव्हे. तो ॲनाफिलॅक्सिस आहे असे समजावे. क्वचित अंगावर एकही चट्टा नसतो. नुसता श्वास कोंडतो किंवा रक्तदाब उतरतो.

यावर पहिले औषध एकच आहे आणि ते म्हणजे ॲड्रेनॅलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत त्याचे इंजेक्शन देतात. प्रौढास अर्धा मिलिग्रॅम आणि मुलांना वजनाच्या मानाने कमी असे त्याचे प्रमाण असते. पाच मिनिटांत उतार न पडल्यास ते पुन्हा देता येते. ते सैलावलेल्या रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते, हृदयास बळ देते आणि मास्ट पेशींचा पुढील मारा रोखते. ही चारही कामे हिस्टॅमिनविरोधी गोळी करू शकत नाही. गोळी देऊन "पाहू या, उतरते का" म्हणत थांबणे ही सर्वांत घातक चूक होय.

रुग्णास आडवे निजवावे व पाय उंच ठेवावेत. धाप लागत असेल तर बसू द्यावे, परंतु उभे करू नये, चालवू नये. एकाएकी उभे राहिल्याने रक्तदाब कोसळून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत. तोंडाने काही पाजू नये. मधमाशीचा काटा रुतला असल्यास तो तत्काळ खरवडून काढावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्यात न्यावे आणि पोहोचताच "वावड्याने श्वास कोंडला आहे" असे पहिल्याच वाक्यात सांगावे. बरे वाटू लागले तरी काही तास देखरेखीखाली राहावे, कारण दुसरी लाट येऊ शकते.

२०२१ साली लस टोचून घेतल्यावर आपणांस अर्धा तास बसवून ठेवीत असत, ते आठवत असेल. अनेकांना ते कंटाळवाणे वाटले. ती वेळ या पहारेकऱ्याची मर्जी पाहण्यासाठी होती. कोणतेही इंजेक्शन घेतल्यावर लगेच घरची वाट धरू नये, हा धडा त्यातून घ्यावा.

सर्पदंशाबाबतही एक शब्द सांगितला पाहिजे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालणारी आपल्याकडील प्रतिविष लस घोड्यांच्या रक्तद्रवापासून बनते. ती दिल्यावर काही रुग्णांत ॲलर्जीसारखी तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून गावोगावी तिची धास्ती आढळते. परंतु त्या भीतीने लस नाकारणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील एका मोठ्या अभ्यासात एक हजाराहून अधिक रुग्ण होते. लसीपूर्वी ॲड्रेनॅलिनची अल्प मात्रा दिली असता तीव्र प्रतिक्रिया पुष्कळ कमी होतात, असे त्यात दिसून आले. प्रतिक्रिया आलीच, तरी रुग्णालयात तिच्यावर उपाय हाताशी असतो. विषावर मात्र घरी कोणताच उपाय नसतो.

ज्यास एकदा असा झटका येऊन गेला आहे, त्याने कारणीभूत वस्तूचे वा औषधाचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ती सदैव खिशात किंवा पर्समध्ये ठेवावी आणि प्रत्येक डॉक्टरांस ती दाखवावी. मुलांच्या बाबतीत शाळेतील बाईंना व गुरुजींना कळवून ठेवावे. ज्यांच्याकडे मुले खेळावयास जातात, त्या शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे.

मास्ट पेशी आपल्या वैरी नव्हेत. वेशीवर त्या नसत्या तर विषापुढे व जंतूंपुढे आपण अधिक दुबळे ठरलो असतो. पहारेकऱ्याचा हात एखादे वेळी घरच्यांवरच उठतो, तेव्हा तो धरावयास आपण तयार असले पाहिजे. यापुढे घरात कोणाच्या अंगावर पित्त उठले, तर आमसुले अवश्य आणावीत. पण आणावयास जाण्यापूर्वी त्या माणसाचा आवाज नीट ऐकावा आणि त्याचा श्वास पाहावा.